‘तोंडावर ताबा नाही’ म्हणण्याआधी...

दुपारचे चार वाजलेत. कुणाच्या तरी बर्थडेचा केक पँट्रीत आलाय. डाएट सोमवारपासून सुरू आहे (गेले तीन सोमवार!). आज नाही म्हणजे नाही, असं पक्कं ठरवलंय. आणि पाचच मिनिटांत हातात पेपर प्लेट, ओठांना क्रीम आणि तेच ठरलेलं वाक्य, ‘काय करणार यार, आपल्यात विलपॉवरच नाही!’

केकपुरतं हे वाक्य ठीक आहे. हसून सोडून देता येतं. पण हेच वाक्य एखाद्या मानसिक आजार असलेल्या माणसाच्या ताटाकडे बघून म्हटलं जातं तेव्हा? तेव्हा ते फार महागात पडतं. किती महागात, ते मला जुन्नरमध्ये कळलं.

मासवडी आणि मामा

जुन्नर-आंबेगाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीकेंड येतो. शिवनेरी, लेण्याद्री, ओझरचा विघ्नहर, पावसाळ्यातला माळशेज, नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि हो, मासवडी! नावात मासा असला तरी शंभर टक्के शाकाहारी. बेसनाच्या आवरणात तीळ-खोबरं-लसणाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. कॉलेजमधल्या मैत्रिणीचं आजोळ तिकडचं. ‘मामीच्या हातची मासवडी खायला चल’ म्हणाली आणि मी निघाले. (गाव आणि नावं लिहीत नाहीये. कारण पुढे कळेलच.)

मासवडी जबरदस्त होती. पण माझं लक्ष भिंतीतल्या कपाटाकडे गेलं. भाकरीची दुरडी त्यात ठेवली होती आणि कपाटाला कुलूप होतं.

मामांना स्किझोफ्रेनिया आहे. ‘देवराई’ आठवतोय? २००४ सालचा, अतुल कुलकर्णीचा. तोच आजार. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, माणसांपासून तुटत जाणं. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग गंडेदोरे केले आणि मग एकदाचे डॉक्टर केले. नवी गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत आवाज विझत गेले. मामा रात्री झोपायला लागले. कांद्याला पाणी द्यायला जायला लागले. आणि त्यांना भूक लागायला लागली.

‘पहिल्यांदा बरंच वाटलं हो,’ मामी सांगत होत्या. ‘म्हणलं, माणूस दोन घास खातोय. मग ध्यानात आलं, यांचं पोट भरतच नाय. जेवून हात धुतला की पुन्हा चुलीपाशी. रात्री दोनला उठून दुरडी हुडकायची. शेजारचे म्हणायचे, बसून नुसतं खातोय. आमच्या जावा हसायच्या. मग लावलं कुलूप.’

कुलपानं काही झालं नाही. पायजम्याची नाडी पुरेना. मामा शेजारच्या घरात जाऊन मागून खायला लागले, आणि गावात यापेक्षा मोठी लाज कुठली? शेवटी मामींनी साधं गणित मांडलं. गोळीनं हावरेपणा आलाय ना? मग गोळीच बंद.

भूक खरंच कमी झाली. मामी खूश. पण दीडेक महिन्यात आवाज परत आले. एका रात्री मामा उठून उसात चालू लागले. जुन्नर तालुक्यात रात्री उसात शिरणं म्हणजे काय, ते तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. बिबट्यांचं ते घरच आहे. अख्खी वस्ती बॅटऱ्या घेऊन ओरडत फिरत होती. मामा सापडले ते पहाटे, कॅनॉलच्या कडेला बसलेले. सुदैवानं धडधाकट.

मी हे ऐकत होते आणि ताटातली मासवडी गार होत होती. एका भाकरीच्या हिशेबापायी माणूस जाता जाता राहिला होता.

अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक

आता थोडं डोक्यात शिरू या. अगदी शब्दशः!

आपली भूक पोटात लागते असं आपल्याला वाटतं. खरा कारभार चालतो मेंदूत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक इवलासा भाग असतो. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं हार्मोन त्याला ‘खायला पाठवा’ असा निरोप देतं. शरीरातली चरबी लेप्टिनमार्फत सांगते, ‘साठा आहे, घाई नको.’ ही झाली टाकी मोजणारी यंत्रणा.

दुसरी यंत्रणा चवीची, बक्षिसाची. पोट भरलेलं असतानाही गुलाबजाम दिसला की जीभ सुटते, ती हिच्यामुळे. हा अ‍ॅक्सिलरेटर. आणि तिसरी कपाळामागची, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. पुढचा विचार करणारी, ‘थांब, रिपोर्ट आठव’ म्हणणारी. हा ब्रेक.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकच्या संशोधकांनी डाएट करणाऱ्या मंडळींना स्कॅनरमध्ये झोपवून पदार्थ निवडायला लावले. चविष्ट पण अपायकारक पदार्थाला ज्यांनी ‘नको’ म्हटलं, त्यांच्या मेंदूत कपाळामागचा एक भाग जास्त कामाला लागलेला दिसला. पदार्थाची ‘किंमत’ ठरवणाऱ्या दुसऱ्या भागाला तो जणू आरोग्याचीही आठवण करून देत होता. म्हणजे आपण ज्याला कॅरेक्टर म्हणतो, मनाचा निग्रह म्हणतो, तो बऱ्याच अंशी दोन भागांमधला संवाद आहे. आणि हा संवाद झोप, ताण, आजार, औषध अशा कशानंही बिघडू शकतो.

आता येते मामांची गोष्ट. त्यांची गोळी ओलांझापिन या जातीची. २०१२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कुठलाही मानसिक आजार नसलेल्या, ठणठणीत लोकांना फक्त एक आठवडा ओलांझापिन दिलं गेलं. आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन. आठवडाभरात ही मंडळी जास्त खायला लागली. गोड मिळणार म्हटल्यावर आणि प्रत्यक्ष मिळाल्यावर मेंदूतले बक्षिसाचे भाग पूर्वीपेक्षा जास्त उजळायला लागले. आणि ‘आता पुरे’ म्हणण्याशी ज्याचा संबंध आहे, तो डोळ्यांवरच्या बाजूचा भाग मंदावला.

अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, ब्रेक सैल. तोही चांगल्या धडधाकट माणसांचा, तोही सात दिवसांत! मग वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या मामांना ‘तोंडावर ताबा ठेवा’ असं सांगून काय होणार?

हे होतं कसं? ही औषधं मेंदूतल्या डोपामिनवर काम करतात, त्यानंच आवाज थांबतात. पण जाता जाता ती हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही रिसेप्टरवरही बसतात. हे रिसेप्टर भूक आवरण्याच्या कामात असतात. त्यांचं तोंड बंद झालं की पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. सर्दीची जुनी गोळी घेतल्यावर झोप येते ना? तोच हिस्टामिन. म्हणून या औषधांनी सुस्ती येते, हालचाल कमी होते. खाणं जास्त, चालणं कमी. वजन दुसरीकडे कुठे जाणार?

पण इथेच थांबून एक गोष्ट ठळक लिहायला हवी. औषधं वाईट नाहीत. याच गोळीनं मामांना झोप दिली, शेत परत दिलं. सगळ्या गोळ्या सारख्याही नसतात. ओलांझापिन आणि क्लोझापिन वजनाच्या बाबतीत सगळ्यात पुढे, तर अ‍ॅरिपिप्राझोलसारखी काही बरीच सौम्य. कुणाला कुठली चालेल, हे डॉक्टरनं ठरवायचं. शेजारणीनं नाही, आणि आपणही नाही.

सडपातळ, पण...

आपल्या मराठी शरीराची यात आणखी एक गंमत आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो जगभर गाजला. शेजारी लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. दिसायला दोघेही सडपातळ, आतला हिशेब मात्र वेगळा.

याज्ञिकांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. गावातल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. बारीक, पण आतून जाड. अशी शरीरं मोठेपणी थोडंसं वजन वाढलं तरी डायबेटिसच्या वाटेवर लागतात.

म्हणजे बघा, मुळात अशी शरीरयष्टी आणि वर भूक वाढवणारी गोळी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात. त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, डायबेटिस अशा शरीराच्या, टाळता येण्याजोग्या आजारांनी होतात. डोकं सांभाळताना शरीराकडे बघायचं राहून जातं.

एकाची भूक वाढते, दुसऱ्याची मरते

हे सगळं गोळ्यांचंच काम आहे, असंही नाही. आजार स्वतःच ताटात डोकावतो.

डिप्रेशनचं उदाहरण घ्या. तुमच्याच टीममधले दोन कलीग्ज. दोघांनाही डिप्रेशन. एकीचा डबा तसाच परत जातो, दुसरा रात्री एक वाजता अ‍ॅपवरून बिर्याणी मागवतो. आजार एकच, मग असं का? २०१६ मध्ये अमेरिकेत काइल सिमन्स आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांना खाण्याचे फोटो दाखवून त्यांचे मेंदू तपासले. ज्यांची भूक वाढली होती, त्यांच्यात बक्षिसाचे भाग जास्त जागे होते. ज्यांची भूक मेली होती, त्यांच्यात इन्सुला नावाचा, शरीराच्या आतल्या खबरा ऐकणारा भाग थंड होता. आपल्याकडे म्हणतात ना, दुःखात घास घशाखाली उतरत नाही. तो घास अडतो तो घशात नव्हे, बराच वर!

मग बिंज इटिंग. पार्टीत चार स्लाइस जास्त खाल्ले, ते नव्हे. थोड्या वेळात प्रचंड खाणं, थांबावंसं वाटूनही थांबता न येणं, लपून खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात २०१३ पासून याला स्वतंत्र आजाराचं स्थान आहे. यावर उपचार आहेत, बोलण्यातून होणारी सीबीटी थेरपी चांगली लागू पडते. पण आपण मात्र जिमचं वार्षिक पॅकेज घेतो आणि स्वतःला शिव्या देतो.

आणि उपाशी राहून हे सुटेल असं वाटत असेल, तर १९४४-४५ मधला मिनेसोटाचा प्रयोग वाचाच. ३६ निरोगी तरुण स्वतःहून तयार झाले. सहा महिने त्यांना जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं. ही चांगली शिकलेली मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, चिडचिडी आणि उदास झाली. पुढे पोटभर मिळायला लागलं, तरी कित्येकांचं पोट भरल्यासारखं वाटेना. उपासमारीनं ताबा वाढत नाही, सुटतो. कुलूपबंद दुरडीनं मामांचंही हेच झालं असणार.

‘पण लहानपणापासून संयम शिकवला तर?’ असं म्हणणारे हमखास मार्शमॅलोची गोष्ट सांगतात. स्टॅनफर्डचा प्रयोग: समोरची गोड गोळी पंधरा मिनिटं न खाणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात म्हणे. २०१८ मध्ये जवळपास नऊशे मुलांवर हा हिशेब पुन्हा मांडला. घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तो संबंध बराचसा विरून गेला. साहजिकच आहे. घाटमाथ्यावरच्या वाडीतल्या पोराला दुसरी गोळी मिळेल याची खात्री नसेल, तर पहिली खाऊन टाकणं हा अधीरपणा नाही, शहाणपणा आहे.

चहा, चतुर्थी आणि चार लोक

गावात डाएट चार्ट भिंतीला चिकटवून भागत नाही. मामांचंच बघा. या औषधांनी तोंड कोरडं पडतं. तहान लागते. आणि गावात तहान म्हणजे चहा! सकाळी घरी, मग डेअरीवर, मग पारावर, मग ज्याच्या घरी जाऊ तिथे. दोन-दोन चमचे साखरेचे सहा कप सहज होतात. ‘नको’ म्हटलं तर समोरचा रागावतो. भाकरी मोजणाऱ्या घरात हा चहा कुणी मोजलाच नव्हता.

मग उपवास. अष्टविनायकांतले दोन गणपती, लेण्याद्री आणि ओझर, याच तालुक्यात. चतुर्थी घराघरात. दिवसभर निरंकार राहायचं, चंद्र उगवल्यावर जेवायचं. त्यात सकाळची गोळी राहून जाते, आणि उपवास सुटताना साबुदाणा, बटाटा, भगर असा सगळा पिठूळ मारा. बायपोलर आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं. पाणी आणि मीठ एकदम कमी झालं, तर लिथियम रक्तात वाढून विषारी ठरू शकतं. निर्जळी उपवास करायचा असेल, तर आधी डॉक्टरला विचारायलाच हवं. देव समजून घेईल, किडनी घेणार नाही!

आणि चार लोक. ‘बसून खातो’ म्हणणारे. हे गावातच असतात असं समजू नका. आपल्या ऑफिसातही आहेत. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी, बायपोलरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. सुट्टीवरून परत आलेल्या एखाद्या कलीगला ‘काय रे, सासरवाडीचं मानवलं वाटतं!’ म्हणून आपण टाळी देतो. तो हसतो आणि त्या रात्री गोळी घेत नाही. असं घडत असेल, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

कुलूप निघालं

त्या रात्रीनंतर मामा-मामी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. या वेळी मामींनी सगळं सांगितलं, भाकरीसकट. डॉक्टर ओरडले नाहीत. ‘हे आधीच बोलायला हवं होतं, तुम्ही नाही, मी,’ असं म्हणाले. गोळी बदलायचं ठरलं, हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली. डायबेटिसमध्ये वापरतात ते मेटफॉर्मिन सोबत दिलं, वजन रोखायला ते मदत करतं. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासलं. दर महिन्याला वजन, एकाच काट्यावर.

घरात बदल साधेच झाले. जेवणाच्या वेळा ठरल्या. ताटात आधी उसळ, पालेभाजी, काकडी, मग भाकरी. चहा दोनदाच, निम्म्या साखरेचा, बाकी वेळी ताक. रात्रीची भूक येते हे मान्य करून फुटाण्यांचा एक डबा समोरच ठेवला. मामी आता मामांबरोबर मळ्यापर्यंत चालत जातात. वजन फारसं उतरलेलं नाही, पण वाढायचं थांबलंय. आवाज नाहीत. कपाट उघडं असतं.

‘मला वाटायचं, हे मुद्दाम करत्यात,’ मामी मला म्हणाल्या. ‘गोळीनं होतंय हे कुणी सांगितलंच नाय. सांगितलं असतं तर मी कशाला भांडले असते त्यांच्याशी?’

हे सांगणं कुणाचं तरी उपकार नव्हेत, बरं का. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, जो २०१८ पासून लागू आहे, उपचार काय आहेत आणि त्यांचे ठाऊक असलेले दुष्परिणाम कोणते, हे समजून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. विचारा. न लाजता विचारा.

घरात कुणी अशी औषधं घेत असेल तर...

* औषध सुरू होतानाच वजन, कमरेचा घेर, बीपी, शुगर लिहून ठेवा. पहिले काही महिने सगळ्यात महत्त्वाचे, वजन तेव्हाच भराभर वाढतं.
* भूक वाढली तर पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका, डॉक्टरला कळवा. उपाय आहेत.
* गोळी मनानं बंद करू नका, निम्मीही करू नका. ‘आता बरं वाटतंय’ हे गोळी चालू असल्यामुळे वाटत असतं.
* विडी-सिगरेट सोडत असाल तर तेही डॉक्टरला सांगा. धूर बंद झाला की क्लोझापिन, ओलांझापिन यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो.
* कुलूप, टोमणे, ताटावरून भांडण यांनी काही होत नाही. घरात काय आणलं जातं, ते बदला. आणि सगळ्यांसाठी बदला, एकट्यासाठी नको.
* कुणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६. ‘टेली मानस’ ही सरकारची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मराठीतही बोलता येतं, आणि वाडीतूनही लागते, फक्त रेंज हवी!

पुढच्या वेळी कुणाच्या ताटाकडे बघून ‘ताबा नाही’ हे शब्द ओठांवर आले, तर तेवढे गिळा. त्यात एकही कॅलरी नसते.